घरात अवेळी ट्यूलिप आणि हायसिंथ : थंडीचे आठवडे, मुळं आणि कळी

प्रश्न थोडक्यात असा : ट्यूलिप आणि हायसिंथचे मिळून वीसेक कंद फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सात आठवडे ठेवले. मग कुंड्यांत लावून थेट उन्हाच्या खिडकीत, उबदार खोलीत आणले. हायसिंथची फुलं पानांच्या बुडाशीच उमलली, वर आलीच नाहीत. ट्यूलिपला पानं आली, कळ्याही दिसल्या, पण त्या पांढुरक्या होऊन कागदासारख्या वाळल्या. कंद खराब निघाले का? आणि पुढच्या वेळी काय करायचं?

कंद खराब नव्हते, हे तुमच्याच वर्णनातून दिसतं. हायसिंथ उमलला, म्हणजे फूल आत होतं. ट्यूलिपची कळी वाळली, म्हणजे वाळण्याइतकी ती घडलेली होती. तीन गोष्टी चुकल्या : थंडी कमी पडली, मुळं नसताना झाडाला उबेत आणलं गेलं, आणि भाजीच्या कप्प्यात बहुतेक फळंही होती. तिसरी गोष्ट ट्यूलिपच्या बाबतीत पहिल्या दोन्हींपेक्षा घातक असते.

थंडी नेमकं काय करते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाकीचं सगळं सोपं होतं. पुढच्या वेळी एक जास्तीचा ट्यूलिपचा कंद आणा आणि धारदार सुरीने शेंड्यापासून तळापर्यंत उभा चिरा. पांढऱ्या जाड पाकळांच्या, म्हणजे कंदाच्या मांसल थरांच्या, मधोमध फिकट पिवळा कोंब दिसेल. नखाने हलकेच त्याची पानं बाजूला करा. आत तांदळाच्या दाण्याएवढी कळी असते. भिंगातून तिच्या सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये तीन टोकांचं स्त्रीकेसर वेगवेगळं ओळखता येतं. हे सगळं कंद जमिनीतून काढल्यानंतर, उन्हाळ्यातल्या कोरड्या साठवणीत घडतं. ट्यूलिपला त्यासाठी साधारण १७ ते २० अंश सेल्सिअस लागतं, हायसिंथला त्याहून जास्त ऊब लागते. डॅफोडिलचं फूल मात्र कंद काढायच्या आधीच, जमिनीत असताना आकार घेऊ लागतं. मोठे उत्पादक थंडी सुरू करण्याआधी नमुन्याचे कंद असेच चिरून स्त्रीकेसर पूर्ण झालंय का ते तपासतात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात कंदातल्या या वाढीचा आणि तापमानाचा संबंध पद्धतशीर तपासला. आजच्या व्यावसायिक वेळापत्रकांचा पाया तिथे घातला गेला.

म्हणजे थंडी फूल बनवत नाही. बनलेलं फूल उचलून वर नेणारा दांडा लांब होण्याची क्षमता ती देते. थंडीच्या काळात पाकळांमधल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि दांड्यातल्या पेशी लांबवणाऱ्या संप्रेरकांचं काम मार्गी लागतं. आठवडे अपुरे पडले की फूल असतं, उमलतंही, फक्त दांडा लांबत नाही. तुमच्या हायसिंथचं नेमकं हेच झालं.

आता आकडे. तापमान २ ते ९ अंशांच्या मध्ये धरून चाला. ट्यूलिपला १४ ते १६ आठवडे. डॅफोडिलला १५ च्या आसपास. छोट्या जातींना थोडे कमी चालतात. साध्या हायसिंथला १२ ते १४, आणि उत्पादकाने उष्णतेची प्रक्रिया करून ‘तयार’ म्हणून विकलेल्या हायसिंथला १० ते १२. क्रोकस आणि मस्कारी या छोट्या कंदांना १४ धरा. बाहेर काढल्यावर उमलायला यांतल्या बहुतेकांना दोन ते तीन आठवडे लागतात. तारखेपासून उलटं मोजा : १ फेब्रुवारीला ट्यूलिप फुललेले हवे असतील, तर १५ आठवडे थंडी आणि ३ आठवडे ऊब मिळून १८ आठवडे, म्हणजे १२६ दिवस. कंद २८ सप्टेंबरला थंडीत गेले पाहिजेत. सात आठवड्यांत यातलं काहीच बसत नाही.

ट्यूलिपला दोन आठवडे जास्त झाले तर बिघडत नाही, कमी पडले तर मात्र भरून काढता येत नाही. फार जास्त झाले की दांडे लांबुडके, लेचेपेचे होतात. आणि आठवडे सलग हवेत. मध्ये कुंडी चार दिवस २० अंशांच्या खोलीत राहिली तर तेवढे चारच दिवस वजा झाले असं होत नाही. कोंब वाढायला लागतो आणि पुढची सगळी लय बिघडते. थंडीच्या जागी साधा तापमापक ठेवा. ‘तिथे गारच असतं’ या अंदाजावर विसंबलेल्या जागा कित्येकदा १३-१४ अंश निघतात, आणि तिथले आठवडे पूर्ण धरता येत नाहीत.

खरेदीत आकार बघा. ट्यूलिपच्या कंदाचा घेर १२ सेंटिमीटर किंवा जास्त असावा, हायसिंथचा १५ ते १९. घरात फुलवताना फुलाला लागणारी जवळजवळ सगळी शिदोरी कंदातूनच येते, त्यामुळे लहान कंदाला खत घालून मोठा करता येत नाही. कंद हातात घेऊन तोला : आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. तळची चकती, म्हणजे जिथून मुळं फुटतात ती गोल जागा, अंगठ्याने दाबा. ती टणक हवी. वरच्या कोरड्या सालावर निळसर-हिरवी बुरशी थोडी असेल तर पुसून टाका, त्याने अडत नाही. पण कंद हलका लागतो, आंबूस वास येतो आणि तळाशी पांढरी-गुलाबी बुरशी दिसते, तेव्हा ती फ्युझेरियमची सड असते. तो कंद लगेच बाजूला काढा. तो स्वतः मरतोच, वर इथिलीन वायू सोडून शेजारच्या निरोगी ट्यूलिपच्या कळ्याही मारतो.

जाती निवडताना बुटक्या, लवकर फुलणाऱ्या घ्या. ट्यूलिपमध्ये सिंगल अर्ली आणि ट्रायम्फ गटांतल्या, उदाहरणार्थ ‘अॅप्रिकॉट ब्यूटी’ किंवा ‘ख्रिसमस मार्व्हल’. डॅफोडिलमध्ये छोटा ‘तेत-आ-तेत’ घरासाठी सर्वांत भरवशाचा आहे; मोठे डॅफोडिल घरात फार उंच होऊन कलंडतात. हायसिंथमध्ये ‘डेल्फ्ट ब्लू’, ‘पिंक पर्ल’, ‘कार्नेगी’. उशिरा फुलणारे, उंच दांड्याचे ट्यूलिप खुशाल बागेत लावा, कुंडीत नकोत.

कुंडीला खाली भोक हवं आणि कंदाखाली मुळांना निदान पाच-सहा सेंटिमीटर माती मिळावी. १५ सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत ट्यूलिप सहा, हायसिंथ तीन, तेत-आ-तेत पाच-सहा, क्रोकस किंवा मस्कारी बारा ते पंधरा. जमिनीत ठेवतो तसं अंतर इथे ठेवायचं नाही. कंद जवळजवळ खेटून, फक्त एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला न चिकटता. माती भुसभुशीत, पाणी न धरणारी हवी. कोकोपीटमध्ये तिसरा हिस्सा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू मिसळली तरी पुरतं. कंदाखालची माती ठोकून घट्ट करू नका. मुळं खाली शिरू शकली नाहीत तर ती कंदालाच वर उचलून धरतात आणि सगळे कंद मातीबाहेर डोकावतात. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या कडेकडे करा, कारण पहिलं मोठं पान त्याच बाजूने येतं. सगळ्या कंदांची चपटी बाजू बाहेर ठेवली की पानं कडेने गोल पसरतात आणि फुलं मध्ये उभी राहतात. माती भरल्यावर कंदांची टोकं वरच्या थराला टेकलेली, किंचित बाहेर असू द्या. एकदा भरपूर पाणी घाला आणि पूर्ण निथळू द्या.

हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला. सालातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कातडीत शिरून खाज सुटते. ट्यूलिपचे कंद रोज हाताळणाऱ्यांनाही बोटांना चिरा पडून त्वचा दुखते. डॅफोडिलचा कंद विषारी असतो आणि तो हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. फ्रिजमध्ये ठेवताना पिशवीवर ठळक अक्षरांत ‘विषारी, खाऊ नये’ लिहा आणि लहान मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

थंडीचे दोन टप्पे धरा. पहिला मुळांचा. पहिले चार-पाच आठवडे ९ अंशांच्या आसपास मिळाले तर मुळं झपाट्याने भरतात. त्यानंतर ५ अंशांवर आणता येतं. गार तळघर, न तापवलेली गॅरेज, सावलीतला बंदिस्त व्हरांडा, जिथे गोठत नाही पण थंडी सलग टिकते, अशी जागा उत्तम. उंदीर असतील तर बारीक जाळी टाका, ट्यूलिप आणि क्रोकस त्यांच्या फार आवडीचे. कुंडी गोठून कडक झाली की मुळं मरतात. अशी जागा नसेल तर फ्रिज, पण तो फळांशिवायचा.

फळांची गोष्ट इतक्यांदा सांगायचं कारण असं. सफरचंद, केळी, नासपती, टोमॅटो पिकताना इथिलीन सोडतात. या वायूला रंग नाही, एवढ्या प्रमाणात त्याचा वासही जाणवत नाही, पण बंद कप्प्यात त्याचं थोडंसं प्रमाणही ट्यूलिपच्या कळीला आतल्या आत मारायला पुरतं. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, मुळं फुटतात, पानं हिरवीगार येतात, आणि उलगडलेल्या पानांत मेलेली कोरडी कळी सापडते. तुमच्या ट्यूलिपवर हाच संशय सगळ्यांत दाट आहे. कागदी पिशवीत गुंडाळून वायू अडत नाही. कंद आत असेपर्यंत ती फळं त्या फ्रिजमध्ये नकोतच.

फ्रिजमध्ये कुंड्या मावत नाहीत ही खरी अडचण आहे. मग पहिले नऊ-दहा आठवडे कंद कोरडेच, भोकं पाडलेल्या कागदी किंवा जाळीच्या पिशवीत ठेवा, आणि शेवटचे पाच-सहा आठवडे लहान कुंड्यांत लावून त्याच थंडीत परत ठेवा. दोन्ही मिळून एकूण आठवडे पूर्ण व्हायला हवेत. फ्रिजची हवा कोरडी असते, म्हणून कुंडीवर भोकं पाडलेली प्लास्टिकची पिशवी सैल चढवा. दर पंधरा दिवसांनी मातीत बोट घालून ओल बघा : पिळलेल्या कापडाइतकी ओल पुरे, चिखल नको. बर्फाच्या कप्प्यात किंवा थंड हवेच्या झोताच्या तोंडाशी कंद ठेवू नका.

कोरडे कंद थंडी संपताच थेट उबेत लावले तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंत. कोंब उबेने लगेच धावतो, पण पाणी ओढायला मुळंच नसतात. वाळलेल्या कळ्यांचं ते दुसरं कारण.

बाहेर काढायची वेळ तारखेने ठरते, पण पक्की मुळांनी होते. कुंडी उपडी करून बोटांमध्ये झाडांचे कोंब धरा आणि कडेवर हलके ठोका. माती एकसंध बाहेर येते. कडेने पांढऱ्या जाडसर मुळांची जाळी दिसली आणि कोंब ३ ते ५ सेंटिमीटर झाले असले, तर काढा. मातीचा गोळा मोकळा होऊन पडला, मुळं चार-दोनच असली, तर परत थंडीत ठेवा, आठवडे पूर्ण झाले असले तरीही.

बाहेर आणल्यावर पहिला आठवडा १० ते १५ अंश आणि मंद उजेड. अंधारात पिवळट-पांढरे झालेले कोंब या दिवसांत हिरवे होतात. मग उजेड वाढवा आणि १६ ते १८ अंशांवर ठेवा. २० च्या वर गेलात की फूल लवकर येतं, पण दांडा कमकुवत राहतो आणि फूल निम्मेच दिवस टिकतं. खोली उबदारच असेल तर निदान रात्री कुंडी गार जागी हलवा, बहर कितीतरी लांबतो. तापलेली खिडकी, हीटरच्या वरचा कठडा टाळा. कुंडी रोज अर्धी फिरवा, नाहीतर दांडे उजेडाकडे वाकतात. पाणी आता नियमित लागतं. कळी फुगत असताना एकदाही माती पूर्ण सुकली तर ट्यूलिपची कळी वाळते.

हायसिंथचा दांडा अडकलाय असं लवकर लक्षात आलं तर एक उपाय करता येतो. पानांत कळ्यांचा तुरा दिसतोय पण वर सरकत नाही, अशा वेळी जाड कागदाचा शंकू करून कोंबावर टोपीसारखा ठेवा, टोकाला बोटभर भोक ठेवा. अंधारात दांडा उजेडाकडे ताणतो. पाच-सात दिवसांत तो दोन-चार सेंटिमीटर वर आला की शंकू काढा. थंडी फारच कमी पडली असेल तर याने चमत्कार होत नाही, पण सीमारेषेवरचे कंद वाचतात. हायसिंथ गोठला किंवा अतिथंड जागेतून एकदम उबेत आला तर अख्खा तुरा बुडाशी तुटून बाहेर निघून येतो. त्याला इलाज नाही. तोडलेला तुरा पाण्यात ठेवा.

ट्यूलिप उमलायच्या सुमारास दांड्यावर फुलाखाली पाणचट, काचेसारखा डाग पडून तो तिथेच मोडला, तर ती वेगाने लांबणाऱ्या पेशींना कॅल्शियम कमी पडल्याची खूण. दमट, कोंडलेली हवा आणि जास्त ऊब यांत झाड पाणी कमी ओढतं आणि कॅल्शियम वर पोचत नाही. खिडकी उघडा, तापमान उतरवा, कुंड्या विरळ ठेवा.

हायसिंथ मातीशिवाय, अरुंद गळ्याच्या काचपात्रातही फुलवता येतो. पाणी कंदाच्या तळापासून तीन-चार मिलिमीटर खालीच हवं. तळ पाण्याला टेकला की कुजतो. मुळं ओल शोधत आपोआप खाली उतरतात. पात्र गार अंधारात ठेवा, मुळं १० सेंटिमीटर झाली आणि कोंब बोटाच्या दोन पेरांएवढा आला की उजेडात आणा. पाणी गढूळ दिसलं की बदला. असा कंद पुढे जवळपास निकामी होतो, हे धरून चाला.

थंडीची सोय अजिबात नसेल तर दोन कंद निवडा. पहिला पेपरव्हाइट नार्सिसस, डॅफोडिलचाच एक भाऊबंद, ज्याला थंडी लागतच नाही. भोक नसलेल्या भांड्यात पाच-सात सेंटिमीटर खडे घाला, कंद एकमेकांना खेटून वर बसवा, आणि पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम लागेल इतकंच ठेवा. चार ते सहा आठवड्यांत फुलं. त्याची एकच खोड : उजेड कमी आणि ऊब जास्त झाली की लांब होऊन आडवा पडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर तपासलेला उपाय खरोखर चालतो. कोंब तीन-पाच सेंटिमीटर झाले की साधं पाणी ओतून टाका आणि पुढे ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घाला. ४० टक्क्यांच्या व्होडका किंवा जिनचा एक भाग आणि पाण्याचे सात भाग, म्हणजे ५ टक्के. मुळांना पाणी ओढणं थोडं अवघड होतं, त्यामुळे उंची एक-तृतीयांश किंवा जास्त कमी होते. फुलाचा आकार तेवढाच राहतो. बिअर आणि वाइन वापरू नका, त्यांतल्या साखरेने मुळं खराब होतात. १० टक्क्यांच्या वर गेलात तर झाडालाच इजा होते.

दुसरा अमॅरिलिस या नावाने विकला जाणारा हिप्पिअॅस्ट्रम. कंदापेक्षा जेमतेम तीन-पाच सेंटिमीटर रुंद कुंडी, कंदाचा वरचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीबाहेर, २० अंशांच्या आसपास ऊब. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने. सहा ते आठ आठवड्यांत फूल. हा वर्षानुवर्षं टिकतो : फुलानंतर दांडा कापा, पानं ठेवा, उन्हाळाभर ऊन आणि खत द्या. साधारण चार पानांमागे कंदात एक फुलदांडा तयार होतो, म्हणून पानं जितकी जास्त तितकं पुढचं वर्ष चांगलं. मग पाणी तोडून आठ-दहा आठवडे १३ अंशांच्या आसपास कोरडा ठेवा आणि पुन्हा सुरू करा.

घरात फुलवलेला ट्यूलिप पुढच्या वर्षी पुन्हा कुंडीत फुलवायच्या मागे लागू नका, तो खताच्या ढिगात जाऊ द्या. डॅफोडिल, क्रोकस आणि मस्कारीची पानं पिवळी होईपर्यंत पाणी देत राहिलात आणि नंतर कंद थंड हिवाळ्याच्या बागेत लावलेत, तर दोन-एक वर्षांनी ते सावरून फुलतात.

तुमच्या पुढच्या खेपेला सगळ्या कुंड्या एकाच दिवशी थंडीत ठेवा, पण एकाच दिवशी बाहेर काढू नका. प्रत्येकीवर जात, थंडी सुरू झाल्याची तारीख आणि आठवडे लिहिलेली पट्टी खोचा. आधी हायसिंथ बाहेर येईल, मग पंधराव्या आठवड्यापासून दर सात दिवसांनी ट्यूलिपची एकेक कुंडी. उरलेल्या २ अंशांच्या जवळ ठेवल्या तर कोंब फारसे पुढे सरकत नाहीत, आणि तीन कुंड्यांत मिळून महिनाभर घरात फुलं राहतात.